रडण्याआधीचा हात

झुलाल नाना देवरे आमच्या जिनिंगमध्ये कापसाची प्रत पाहत असत आणि मी तिथे हिशेब पाहत असे. पारोळ्याकडून कापसाची गाडी आली की काट्यावर जाण्याआधी नाना तिच्यापाशी उभे राहत. कोपरापर्यंत हात आत घालून मूठभर कापूस ओढून काढत आणि नजर भलतीकडेच ठेवून बोटांमध्ये त्याचा धागा ताणत. गाडीत वरचा कापूस सगळेच चांगला ठेवतात, असे ते म्हणत. ओलावा किती, धागा किती लांब, मागच्या वर्षीचा कापूस मिसळला आहे का, हे ते न बघता सांगत.

पुढे ओलावा मोजायचे यंत्र आले. नानांनी त्याचा राग धरला नाही. बहुतेक वेळा त्यांचे आणि यंत्राचे जमायचे. थंडीत सकाळी मात्र जमायचे नाही. तेव्हा ते दोन्ही हात काखेत घालून म्हणत, "बोटं आजून उठेल नहीत," आणि यंत्राचा आकडा मान्य करत.

उंच, हाडकुळा माणूस. नखे अगदी मुळापर्यंत कापलेली. चहाचा गरम ग्लास ते कधी उजव्या हातात धरत नसत. मला वाटायचे, हे कापसासाठी. ते कापसासाठी नव्हते, हे मला बऱ्याच उशिरा कळले. जिनमधले हमाल त्यांच्यापुढे मनगट धरून थट्टा करायचे.

"नाना, देखा बरं. शे का गया?"

नाना दोन बोटे टेकवल्यासारखे करून म्हणत, "अर्धा गया. च्या पी, नहीतर बठ्ठा जाशी."

सगळे हसत. मी जळगावचा, पिंप्राळ्यात राहणारा. 'शे' म्हणजे 'आहे' आणि 'बठ्ठा' म्हणजे 'सगळा' एवढे मला समजे, पण त्यात हसण्यासारखे काय ते समजत नसे. मग एकाने सांगितले की नाना त्यांच्या गावात मेलेल्या माणसाला हात लावतात.

त्यांच्या गावात एक रीत आहे. दुसऱ्या कुठल्या गावात मी ती पाहिली नाही. घरात कोणी गेले असे वाटले तरी घरच्या बायका लगेच रडत नाहीत. आधी हात लावणाऱ्याला बोलावतात. तो अंग चाचपून सांगतो, 'गया' किंवा 'गई'. मगच रडायचे. त्याआधी रडले तर जाणारा अर्ध्या वाटेत थांबतो, त्याला ना पुढे जाता येते ना मागे, असे तिथले म्हातारे सांगतात. नानांना ते पटत नव्हते. त्यांचे म्हणणे असे की, कधीतरी एखाद्याला आंघोळ घालून तिरडीवर बांधले असेल आणि तो खोकला असेल, तेव्हापासून गाव सावध झाले असेल.

त्यांच्या आधी हे काम त्यांची आत्या करी. म्हातारपणी तिला दिसेनासे झाले, तेव्हा तिने झुलालला निवडले. शिकवले जिवंत माणसांवर. उन्हाळ्यात दुपारी सगळी गल्ली खाटा टाकून झोपलेली असे. आत्या त्याचा हात धरून एकेका खाटेपाशी न्यायची आणि झोपलेल्या माणसाला जाग येणार नाही इतक्या हलक्या हाताने त्याची बोटे टेकवायची. मनगटावर, गळ्याशी, गुडघ्याच्या मागे, पावलावर. कुणाचा ठोका कुठे लपतो ते ती दाखवायची. नाना सांगत, "आख्ख्या गल्लीनं माले कधी पाह्यलं नही, पण मी बठ्ठासले ओळखतस."

त्यांना असे हात लावताना मी एकदाच पाहिले, आणि नेमके त्याच वेळी ते चुकले, किंवा चुकले नाहीत.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली गोष्ट. जिन बंद होते. नाना निवृत्त होऊन काही वर्षे झाली होती. त्यांनी मला आमरस खायला बोलावले होते. आम्ही जेवत असताना दारात ईश्वर येऊन उभा राहिला. पुना नावाच्या त्यांच्या जुन्या सोबत्याचा हा मुलगा. तो काहीच बोलला नाही. नानांनी ताट बाजूला सारले, हात धुतले, अंगावरच्या धोतराला नीट पुसून कोरडे केले आणि निघाले. मीही मागे गेलो.

घरात पाय ठेवायला जागा नव्हती. ओटा, ओसरी, आतली खोली, सगळीकडे बायका बसलेल्या. कुणाच्या तोंडातून शब्द नाही. लहान मुले होती, तीही गप्प. पदर तोंडाशी धरून सगळ्या दाराकडे बघत होत्या, आणि नाना आत आले तशा त्या सगळ्या नजरा त्यांच्या हाताकडे वळल्या. खाटेवर पुना पडलेला. उशाशी त्याची बायको दगडीबाई.

नाना खाली बसले. आधी कपाळाला, मग पोटाला तळहात लावला. मे महिन्यात आमच्याकडे माणूस मेला तरी लवकर थंड पडत नाही, भिंतसुद्धा हाताला गरम लागते, त्यामुळे अंगाच्या उबेवर जाता येत नाही. म्हणून त्यांनी तीन बोटे मनगटावर टेकवली. नंतर गळ्याशी. पुन्हा मनगटावर. त्यांनी डोळे मिटून घेतले. वेळ गेला. पंखा बंद केलेला होता. इतकी माणसे असूनही मला कुणाचा श्वास ऐकू येईना.

मग नाना म्हणाले, "आजून शे."

ओसरीत एकदम हालचाल झाली. कुणी पाणी आणायला धावले, कुणी पाय चोळू लागले. ईश्वरने पारोळ्याला फोन लावला. डॉक्टर रोहिणीताई गाडी घेऊन आल्या. त्यांनी छातीला नळी लावली, डोळ्यांत बॅटरी मारली, छोटे यंत्र जोडले. यंत्राच्या कागदावर सरळ रेघ आली. सकाळीच गेले असावेत, असे त्यांनी ईश्वरला हळू आवाजात सांगितले.

"पण ठोका लागतोय," नाना म्हणाले. त्यांची बोटे अजून मनगटावरच होती.

रोहिणीताई त्यांच्याजवळ बसल्या. "नाना, हा तुमचाच ठोका आहे. आपल्या बोटांतही नाडी असते ना. जोर देऊन धरलं की ती समोरच्याच्या अंगात आहे असं वाटतं. आम्ही शिकत होतो तेव्हा आम्हालाही व्हायचं. वय झालं की जास्त होतं."

नानांनी बोटे काढली, पुन्हा टेकवली. "नही," ते म्हणाले. "आजून शे."

त्यांच्याशी कुणी वाद घातला नाही. डॉक्टरांनी सांगितले होते, यंत्राने सांगितले होते, ऊन वाढत होते. पुनाला नेले. पण बायका रडल्या नाहीत. ज्याने सांगायचे त्याने सांगितलेच नव्हते. मी खूप अंत्ययात्रा पाहिल्या आहेत, इतकी गप्प कधी पाहिली नाही. नाना शेवटपर्यंत सोबत चालले. अग्नी देताना त्यांनी पाठ फिरवली आणि उजवा हात डाव्या हाताने घट्ट धरून उभे राहिले.

त्यानंतर गाव पारोळ्याच्या डॉक्टरांना बोलावू लागले आणि सरावले. दगडीबाई मात्र होती तिथेच राहिली. ती रडली नाही. तिने कुंकू पुसले नाही, बांगड्या काढल्या नाहीत. बायका समजवायला गेल्या की म्हणायची, "नानानी सांगं नही आजून." खाट उचलली होती, त्या जागेच्या उशाशी ती पाण्याचा तांब्या भरून ठेवायची आणि जवळच दाराकडे तोंड करून बसायची. मुलीने तिला शिंदखेड्याला न्यायचा प्रयत्न केला. ती गेली नाही. मी नसले आणि ते आले तर, असे विचारायची. तिचे खाणे तुटले, अंगावरचे लुगडे सैल झाले. गावात कुजबुज सुरू झाली की नाल्याच्या फरशीपुलावर दुपारी पुना उभा असतो, गावाकडे तोंड करून. ज्यांनी पाहिले असे म्हणत, त्यांची नावे विचारली तर कुणी सांगत नसे.

दिवाळीनंतर जिन सुरू झाले तेव्हा एका दुपारी नाना मला भेटायला आले. बोलता बोलता उठून गेले ते बराच वेळ दिसले नाहीत म्हणून मी शोधायला गेलो, तर ते सरकी काढलेल्या रुईच्या गाठींच्या थप्पीपाशी उभे होते. उजवा पंजा एका गाठीवर सपाट टेकवलेला.

"भाऊ, आठे हात लावा," ते त्याच गाठीकडे बोट करून म्हणाले.

मी लावला. दाबून बांधलेली रुई, वर कापड आणि पट्टी. "काय आहे?"

"काही लागस का?"

"नाही."

"माले लागस," ते म्हणाले. "दाराच्या चौकटीला लागस. तांब्याला लागस. परवा दगडाला लागलं." मग शहरी मराठीत, मला नीट समजावे म्हणून, सावकाश म्हणाले, "सगळं जिवंत लागतंय मला. कुठंच हात ठेवता येत नाही."

मला हिशेबाची सवय. दोन रकमा जुळतात की नाही हे पाहायचे, एवढेच मला येते. मी म्हणालो, "नाना, डावा हात तुमच्या गळ्याशी धरा, आणि उजवा गाठीवर. दोन्हीकडचा ठोका बरोबर पडला तर तो तुमचा. मागेपुढे पडला तर दुसऱ्याचा."

नानांनी तसे केले. थोड्या वेळाने मान डोलावली. बरोबर पडत होता. मग ते चौकटीकडे गेले, मग काट्याच्या लोखंडी खांबाकडे. एक हात गळ्याशी धरून म्हातारा जिनभर वस्तूंना हात लावत फिरत होता आणि हमाल काम थांबवून बघत होते. त्या दिवशी कुणी थट्टा केली नाही. सगळीकडे ठोका बरोबर पडला. डॉक्टरांचे म्हणणे खरे होते. नाना खाली बसले आणि त्यांनी चहा मागितला.

मला वाटले, मिटले. मी म्हणालो, "मग दगडीबाईंना सांगून टाका."

"काय सांगू?" नाना म्हणाले. "पुनाच्या मनगटावर होतो तेव्हा मी कुठं गळ्याला हात लावला होता? गाठीत माझाच होता. त्याच्या हातात कुणाचा होता? आता कशावर हात ठेवून बघू?"

तो हात आता राहिलाच नव्हता. आणि तो ठोका पुनाचा असेल, तर आम्ही सगळ्यांनी काय नेले आणि काय जाळले, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात होता.

हिवाळा गेला. होळीच्या सुमारास ईश्वरचा मला फोन आला. वर्षश्राद्ध जवळ आले होते, आईची तब्येत फार खालावली होती, आणि नाना तिच्या दारापर्यंत येऊन परत जात होते. "भाऊ, तुमचं ऐकतात ते. त्यांना म्हणा, खरं असो खोटं असो, एक शब्द बोला. आई रडली तर जगेल."

मी रविवारी गेलो. नाना ओट्यावर बसले होते. मी ईश्वरचा निरोप सांगितला.

"खोटं सांगू?" नाना म्हणाले. "आजपावेतो हात लावल्याशिवाय बोललो नाही. ती बाई माझ्या शब्दावर बसलीय, आणि तिला मी खोटं सांगू?"

"मग खरं सांगा. कळत नाही, असं सांगा."

नाना उठले, हात धुतले आणि कोरडे केले.

दुपार होती. गल्लीत कुणी नव्हते. दगडीबाई उंबऱ्याच्या आत बसली होती. मी तिला मे महिन्यात पाहिले होते, ती ओळखू येईना. कपाळावरचे कुंकू तेवढे ताजे होते. नानांना पाहून तिने पदर सारखा केला.

"या नाना. दारापासून वळी जातस रोज, आज आत येवानं सुचनं का?"

"सुचनं," नाना म्हणाले आणि तिच्यासमोर जमिनीवर बसले. मी दारात उभा राहिलो. ईश्वर माझ्यामागे.

"वहिनी," नाना म्हणाले, "पुनाचं माले कळत नही. मन्ही बोटं खोटी पडनीत का खरी, माले सांगता येत नही."

ती रागावली नाही. मग तिने उजवा हात पुढे केला, मनगट वर करून. बांगड्या कोपराकडे सरकल्या, इतका तो बारीक झाला होता.

"मंग मन्हा हात देखा," ती म्हणाली. "मी शे का गई, ते तरी सांगा."

मला वाटले नाना नाही म्हणतील. पण त्यांनी तीन बोटे तिच्या मनगटावर ठेवली, आणि डावा हात वर नेऊन आपल्या गळ्याशी धरला. डोळे मिटले. समोर दगडीबाई सरळ बसून त्यांच्या तोंडाकडे बघत होती. आत उशाशी तांब्या. माशी उडाली तर ऐकू यावी इतके शांत होते सगळे. नानांच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरत गेला.

"एकच लागस," ते पुटपुटले.

"काय म्हणतात?" ईश्वरने मला विचारले.

मला समजले होते. बाई समोर जिवंत बसली होती, तिच्या डोळ्यांची पापणी हलत होती, आणि तिच्या मनगटात नानांना गळ्याबरोबर पडणारा ठोका लागत होता. फक्त त्यांचा स्वतःचा. ज्या बोटांना जिवंत बाईचा ठोका लागत नाही, त्यांना पुनाच्या हातात काय लागले असेल? त्यांचेच त्यांना लागले असणार. गाठीत, चौकटीत लागत होते तेच. डॉक्टर बरोबर होत्या. नानांच्या खांद्यावरून काहीतरी उतरलेले मी पाहिले. हे खोटे बोलणे नव्हते. आता त्यांना खरोखर माहीत झाले होते.

त्यांनी डोळे उघडले. बोटे तिच्या मनगटावरून काढली नाहीत.

"वहिनी," ते म्हणाले. "पुना गया."

दगडीबाईने मान हलवली, लहान मुलाला काही समजावून सांगितल्यावर ते हलवते तशी. ओठ उघडले. आधी आवाजच आला नाही. मग जो आला तो जवळजवळ वर्षभराचा होता. शेजारच्या घरातून कुणीतरी भांडे टाकून धावले. पाठोपाठ दुसरी आली, तिसरी आली. दारातून आम्हाला बाजूला सारून बायका आत शिरू लागल्या. "कोण गयं? कोण गयं वं?" एकीने मला धरून विचारले. "पुना," मी म्हणालो. तिने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि तिने पण गळा काढला. गेल्या मे महिन्यात ज्या गप्प राहिल्या होत्या त्या सगळ्या, एकीमागून एक. घर भरले, ओटा भरला. कुणीतरी त्या तांब्यातले पाणी दगडीबाईच्या तोंडाशी धरले आणि ती ते घटाघटा प्यायली. ईश्वर भिंतीला टेकून रडत होता, आणि आई रडते आहे म्हणून हसतही होता.

मी नानांकडे पाहिले. ते त्या गर्दीत अजून तसेच बसले होते. दगडीबाईचे मनगट त्यांच्या उजव्या हातात, डावा हात गळ्याशी. ती हुंदक्यांनी गदागदा हलत होती, तिच्याबरोबर त्यांचा हात हलत होता. त्यांचे डोळे उघडे होते आणि माझ्यावर खिळले होते. त्यांनी फार सावकाश, जळू नये म्हणून काढावा तसा, हात काढून घेतला.

आम्ही बाहेर पडलो. गल्लीच्या टोकापर्यंत आलो. मागून रडणे वाढतच होते.

"बरं झालं नाना," मी म्हणालो. "आता जगतील त्या."

"भाऊ," ते म्हणाले, "ती रडायला लागली आणि दोन झाले."

मी थांबलो.

"तिचा पळायला लागला. माझा होता तसाच चालला होता. एक इथं," त्यांनी गळ्याला हात लावला, "आणि दुसरा ह्या बोटांत. वेगवेगळे. आधी दोघांची चाल सारखी पडली होती, म्हणून एकच वाटला." ते उजव्या हाताची तीन बोटे समोर धरून बघत होते. "बोटं खोटी नव्हती."

मी काहीतरी म्हणणार होतो. यंत्राची रेघ सरळ होती, डॉक्टरांनी तपासले होते, असे. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही.

"तिला सांगू नका," ते म्हणाले. "रडू द्या."